बाईंच्या भिंतीमागची टाकी

टेकडीवरच्या वसाहतीत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की लेव्हलताई तिथून काढता पाय घ्यायची. ती टाकी तिच्या बाबांनी बांधली होती आणि बांधल्या दिवसापासून गळत होती. धो धो गळली असती तर एकदाच बोभाटा होऊन सगळे मोकळे झाले असते. पण ही टाकी रुसलेल्या पोरासारखी मुळूमुळू रडायची, आणि ते सगळं रडणं उतारावरून खाली येऊन गणिताच्या बाईंच्या मागच्या भिंतीत मुरायचं.

बाई निवृत्त होत्या आणि एकट्या राहत होत्या. त्यांच्या त्या भिंतीवर रंग टिकत नसे, पोपडे धरत आणि गळून पडत. भिंतीला टेकलेलं पुस्तकांचं कपाट ओल खाऊ लागलं तेव्हा बाईंनी ते ओढून खोलीच्या मधोमध आणून ठेवलं, आणि तिथेच ते वर्षानुवर्षं उभं राहिलं. घरात येणाऱ्याला त्या कपाटाला वळसा घालूनच पुढे जावं लागे. हे असं मध्येच का, असं कुणी विचारलं की बाई म्हणायच्या, मिस्त्रींना विचारा. मिस्त्री म्हणजे ताईचे बाबा. बाई त्यांना अगदी पाण्यात पाहायच्या, आणि एवढं पाणी भिंतीत असताना दुसऱ्या कशात पाहणार?

बाबांचं म्हणणं असं की त्या वेळी वाळू खराब आली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तशी इथे वाळू वाकडी. खरं काय ते सगळ्या टेकडीला ठाऊक होतं. टाकीचा तळ ओतायच्या दिवशी भर दुपारी बाबांच्या मिक्सरचा पट्टा तुटला. नवा पट्टा मिळेपर्यंत दिवस मावळला आणि उरलेला तळ दुसऱ्या दिवशी ओतला. आदल्या दिवशीचं काँक्रीट रात्रीत घट्ट झालं होतं. नवं त्याच्या शेजारी जाऊन बसलं. दोघांची ओळख झाली, पण सोयरीक काही झाली नाही. त्या सांध्यातून पाण्याने आपली वाट काढली.

तेव्हासुद्धा खाली हमरस्त्यावर रेडी मिक्सचा प्लँट होता. एक फोन केला असता तर तयार काँक्रीटची गाडी आली असती. पण बाबांचा बाणा असा, की जो माल माझ्या डोळ्यांसमोर कालवला नाही त्याला मी माझं नाव कसं लावू? आता हे बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हेही सांगायला हवं. दोन खांब किंवा एक जिना ओतायला एवढी मोठी गाडी बोलावणं म्हणजे तलवारीने भाजी चिरणं. गाडी एका वेळी पोटभर माल आणते, तेवढा खाणारं काम नसेल तर उरलेला वाया जातो आणि मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत दगड होतो. छोट्या कामाला आपला मिक्सर बरा, हे बाबांचं खरं होतं. फक्त काम छोटं कधी आणि मोठं कधी, हे ठरवताना त्यांचा अहंकार मध्ये उभा राहायचा, बाईंच्या कपाटासारखा.

लेव्हलताई त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी बाबांचं लेव्हल घेऊन ती घरभर फिरायची. ते काचेच्या नळीत बुडबुडा असलेलं, सपाटी दाखवणारं अवजार तिने पलंगावर ठेवून पाहिलं, ओट्यावर ठेवून पाहिलं, आणि एकदा झोपलेल्या बाबांच्या पाठीवरसुद्धा. तेव्हापासून कामावरची माणसं तिला लेव्हलताई म्हणू लागली. पुढे ती बांधकामाचं शिकून आली आणि बाबांबरोबर काम पाहू लागली, तरी नाव तेच राहिलं. बाबांना सगळ्यांसमोर उलटून बोलायची तिला सवय नव्हती. त्यामुळे वसाहतीने जुनी टाकी पाडून नवी बांधायचं ठरवलं, आणि ताई भर सभेत उठून हे काम आम्हालाच द्या असं म्हणाली, तेव्हा सगळ्यात जास्त बाबाच दचकले.

सभेत हशा पिकला. ज्याने भांडं फोडलं त्यालाच कल्हईला द्यायचं का, असं कुणीतरी म्हणालं. ताई कानामागे टाकून उभी राहिली. आमच्या हातून बिघडलंय तर आमच्याच हातून नीट होऊ दे, एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी वसाहतीने एका अटीवर मान डोलावली. टाकी बांधून भरायची, आणि आठवडाभराने बाईंची भिंत कोरडी राहिली तरच मिस्त्रींना या टेकडीवर पुन्हा काम. नाही राहिली, तर मिस्त्रींनी इथे फावडंसुद्धा घेऊन चढायचं नाही. आणि निकाल देणार बाई. हे ऐकून बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांचं आयुष्य या टेकडीवरच्या घरांत गेलं होतं, आणि गणिताच्या कुठल्याही बाईंनी त्यांना आजवर पास केलं नव्हतं. शाळा सुटली होती तीच मुळी गणितापायी.

जुनी टाकी पाडून झाली, आणि ताईने कामाची वाटणी जाहीर केली. खालचा भरावाचा थर, पाइपांचे ओटे, पायऱ्या, असलं सगळं आपल्या मिक्सरवर. तळ, भिंती आणि वरचा स्लॅब मात्र रेडी मिक्सने, कारण तिथे मध्येच थांबून चालणार नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, गाडी वर चढणार कशी? प्रश्न बिनतोड होता. टेकडीवर जायला पायऱ्यांची गल्ली होती आणि ती प्रत्येक घरापाशी कंबर मोडत वर जात होती. ताईने पंपवाल्याला आणून दाखवलं, म्हणजे गाडी खाली रस्त्यावर ठेवून पाइपाने माल वर ढकलता येईल का ते कळावं. पंपवाल्याने गल्ली पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. प्रत्येक वळणाशी पाइप तुंबेल, म्हणाला. मग त्याने रस्त्यावर उभं राहून टाकीच्या दिशेने हात सरळ केला. हाताच्या रेषेत बाईंच्या घराचं पुढचं दार होतं, त्याच्या मागे मागचं दार, आणि त्याच्या मागे टाकीची जागा.

"असा गेला पाइप तर लोण्यासारखा माल चढेल," तो म्हणाला आणि हात खाली घेऊन तंबाखू शोधू लागला.

ताई एकटीच बाईंकडे गेली. शाळेत तिला बाईंनीच शिकवलं होतं, त्यामुळे कपाटाला वळसा घातल्यावर ती आपोआप हात मागे बांधून उभी राहिली. बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग तोंडी परीक्षा घ्यावी तसे प्रश्न विचारले. प्लँटवर माल कालवला की तो किती वेळ जिवंत राहतो? साधारण दोन तास, ताई म्हणाली. प्लँटपासून इथपर्यंत वाटेत काय काय आहे? रेल्वेचं फाटक आहे. मग फाटकात गाडी अडकली आणि माल आंबला, तर तळ पुन्हा अर्धवट राहणार नाही का? ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"उत्तर बरोबर आहे तुझं, रेडी मिक्सच पाहिजे," बाई म्हणाल्या. "पण रीत अर्धी सोडलीस. अडलं तर काय, ते लिहायचं राहिलं."

घरी येईपर्यंत ताईने उरलेली रीत मनात लिहून काढली. गाडीचा खोळंबा झाला तर तेवढ्या वेळापुरती ओतलेल्या मालाची कड ओली ठेवायला बाबांचा मिक्सर वर तयार उभा असायला हवा. खडी, वाळू, सिमेंट मोजून बाजूला ठेवायचं, आणि पट्टा नवा बसवायचा. ज्या मिक्सरने टाकी बिघडवली तोच आता राखणीला. हे तिला इतकं आवडलं की ती रस्त्यात एकटीच हसली. पण बाईंची परवानगी अजून मिळालेली नव्हती. ती मिस्त्रींनी स्वतः येऊन मागायची, असं बाईंनी निघताना बजावलं होतं.

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या बाईच्या दारात मी जाणार नाही, म्हणाले. त्यापेक्षा दुप्पट माणसं लावू, दोन मिक्सर लावू, पहाटेपासून ओतू. ते बोलत राहिले आणि ताई ऐकत राहिली. आई मधूनमधून आतून भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती, म्हणजे तिचं मत कुठल्या बाजूला आहे ते कळावं. शेवटी बाबा म्हणाले, त्या दिवशी तो एक पट्टा तुटला नसता तर आज ही वेळच आली नसती.

"बाबा, पट्टा कुणाचाही तुटतो," ताई म्हणाली. "टाकी गळली, कारण पट्टा तुटल्यावर आपण कुणाला हाक मारली नाही."

आईची भांडी थांबली. ताईला वाटलं, आपण फार बोललो. बाबा उठले आणि आत निघून गेले.

सकाळी ती उठली तेव्हा बाबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. "अडला हरी," ते पुटपुटले, आणि पुढचं गिळलं. गाढवाबद्दल बाईंसमोर अवाक्षर काढू नका, असं ताईने त्यांना वाटेत दोनदा सांगितलं. बाईंच्या दारात पोहोचल्यावर माणसाने बोलायला हवं होतं. पण बाबांनी खिशातून टेप काढली आणि दाराची रुंदी मोजायला लागले. मोजली, पुन्हा मोजली. बाई आत उभ्या राहून पाहत होत्या. टेपला मोजण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा बाबांनी ती खिशात टाकली.

"बाई, तुमच्या घरातून वाट द्या," ते म्हणाले. "टाकी या वेळी एका दमात ओतायची आहे."

वर्गात शेवटच्या बाकावरून कुणीतरी हात वर करावा, तसं काहीसं नवल बाईंच्या तोंडावर आलं. मग त्यांनी खोलीच्या मधोमध बोट दाखवलं आणि म्हणाल्या, आधी या कपाटाला हात लावा, हे पाइपाच्या वाटेत येतंय. बाप-लेकीने मिळून कपाट स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. त्याच्या मागची फळी ओलीने काळी पडून फुगली होती. बाबांनी ती पाहिली आणि त्या दिवशी वाळूचा विषय काढला नाही.

तळ ओतायचा दिवस उजाडला. बाईंच्या घरातून या दारातून त्या दारात लोखंडी पाइप गेला, खाली जुन्या गोधड्या आणि पोती, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात स्टूल टाकून बाई परीक्षेला पर्यवेक्षक बसावा तशा बसल्या. ताईने बाबांना खाली गाड्यांपाशी ठेवलं होतं. वर मीच हवा, असं बाबांचं म्हणणं होतं. पण खाली तुमच्याशिवाय कुणाचं कोण ऐकणार, असं म्हणून तिने त्यांना गुंडाळलं. ते गुंडाळणं होतं आणि खरंही होतं. पहिली गाडी आली, पंप धडधडला, पाइपाने अंग झाडलं, आणि वर सळ्यांच्या जाळीत करडा माल बदाबदा पडू लागला. माणसं फावड्याने तो ओढत होती, मागून एक जण थरथरणारी नळी खुपसून त्यातली हवा काढत होता, आणि तळ एका कडेने दुसऱ्या कडेकडे सरकत निघाला. दुसरी गाडी आली तेव्हा ताईला जेवणाची आठवणसुद्धा झाली.

तिसरी गाडी फाटकात अडकली. बाईंनी गणितात घातलेलं फाटक ते हेच. गाडी आली तेव्हा माल इतका जड झाला होता की पंप कण्हायला लागला. ड्रायव्हरने सवयीने गाडीवरच्या पाण्याच्या नळीला हात घातला. आता हे या धंद्यातलं जुनं व्यसन. माल घट्ट वाटला की मारायचं पाणी, तो लगेच लोण्यासारखा धावतो, सगळे खूश होतात. आणि पुढे तेच पाणी काँक्रीटमध्ये बारीक भोकं ठेवून जातं. बाबांनी स्वतः आयुष्यभर हेच केलं होतं. मार रे थोडं, ही त्यांची आरोळी टेकडीवरच्या प्रत्येक घराच्या पायात मुरलेली होती. त्यामुळे ड्रायव्हरने हसून त्यांच्याकडे पाहिलं आणि आरोळीची वाट पाहिली.

बाबांनी पुढे होऊन नळीचा कॉक बंद केला आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

"हा माल वर जाणार नाही," ते म्हणाले. "गाडी परत ने."

ड्रायव्हरला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. भरलेली गाडी कुणी परत पाठवतं का? त्याने समजावलं, मग आवाज चढवला, मग प्लँटवर फोन लावला. बाबांनी कॉकवरचा हात काढला नाही. शेवटी गाडी वळली, आणि बाबांनी ताईला फोन करून सांगितलं की पुढची गाडी निघाली आहे, पण यायला वेळ लागेल.

तळ अर्ध्यावर आला होता आणि त्याची उघडी कड उन्हात पडली होती. हीच ती जागा, जवळजवळ याच रेषेवर मागच्या वेळचा सांधा राहिला होता. माणसं फावडी टेकून तिच्याकडे बघायला लागली. क्षणभर तिला वाटलं, ही टाकीच अपशकुनी आहे. मग तिने मागे वळून मिक्सर चालू करायला सांगितला. मोजून ठेवलेलं सगळं ड्रममध्ये पडलं, नवा पट्टा फिरला, आणि तेवढ्यात खालून बाबा धापा टाकत आले. ते गल्लीने आले नव्हते. पुढच्या दारातून, पाइपाच्या कडेकडेने, बाईंच्या घरातून सरळ वर आले होते.

त्यांनी मिक्सरचं चाक हातात घेतलं. पाणी मापाने, ताईने खूण केलेल्या भांड्यानेच. एकदाही वरचा घोट नाही. माणसांची रांग लागली, घमेली हातोहात निघाली, आणि माल फक्त त्या उघड्या कडेवर पडत गेला. कड जिवंत ठेवायची, एवढंच काम. त्या छोट्या कामाला बाबांचा मिक्सर असा लागू पडला की जणू यासाठीच जन्मला होता. खाली पंपवाला पाइपातला माल मागे-पुढे हलवत राहिला, म्हणजे तो आतल्या आत झोपी जाऊ नये. ताई कडेवरून चालत बोटाने माल दाबून पाहत होती. मऊ होता, ओला होता, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने सिमेंटच्या हातानेच पुसलं, त्यामुळे पुढे दिवसभर ती अर्धी करडी दिसत होती.

पाइपाने पुन्हा अंग झाडलं तेव्हा बाईंनी स्वयंपाकघरातून हाक दिली, "आली गं."

चौथ्या गाडीचा माल मिक्सरच्या ओल्या मालात जाऊन मिसळला, आणि कुठे कोण संपला ते ताईलाही सांगता आलं नाही. ऊन उतरायच्या आत तळ पुरा झाला. पुढे भिंती आणि वरचा स्लॅब याच वाटेने झाले. प्रत्येक वेळी बाईंच्या घरातून पाइप गेला आणि प्रत्येक वेळी मिक्सर वर राखणीला उभा राहिला. त्याची पुन्हा गरज पडली नाही, तरी बाबा दर वेळी त्याचा पट्टा ओढून पाहायचे.

मग टाकी भरली. वसाहतीत आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं. बाबा रोज संध्याकाळी बाईंच्या घरावरून जायचे आणि आत बघत नाही असं दाखवत बघायचे. बाई रोज सकाळी भिंतीवर तळवा ठेवायच्या, कपाळ आक्रसून उभ्या राहायच्या आणि कुणालाही ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. आठवडा संपला त्या सकाळी अर्धी वसाहत त्यांच्या दारात जमली. बाबा गर्दीच्या मागे, गुपचूप निघून जाता येईल अशा बेताने उभे होते. बाईंनी वरपासून खालपर्यंत भिंत चाचपली, कोपरे पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ताईला वाटलं, उत्तरपत्रिका तपासतानाही या अशाच छळायच्या.

"मिस्त्री, आत या," बाई म्हणाल्या. "पैकीच्या पैकी."

गर्दीला ओरडायला क्षणभर वेळ लागला, आणि मग ती अशी ओरडली की शेजारच्या घरातलं तान्हं उठून रडायला लागलं. बाबा पुढे आले ते डोळे पुसतच, आणि या वेळी त्यांनी वाळूला दोष दिला नाही. सभेत भांड्याचा टोमणा मारणारा माणूसच सगळ्यात आधी त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, मिस्त्री, मला घरावर मजला चढवायचाय, गाडी मागवूया का? बाबांनी ताईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आधी मजला केवढा ते दाखवा," ते म्हणाले. "मग माझी मुलगी सांगेल, गाडी की मिक्सर."

ताई बाबांबरोबर स्वयंपाकघरात गेली आणि दोघांनी कपाट उचलून आणलं. खोलीच्या मधोमध आल्यावर दोघंही सवयीने थबकले; पण बाईंनी पुढे बोट दाखवलं, आणि त्यांनी ते सरळ नेऊन भिंतीला टेकवलं. काळी पडलेली फळी बाबांनी आधीच काढून नवी बसवली होती. ताईने कपाटावर लेव्हल ठेवलं. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला.

बाई पुस्तक ठेवायला निघाल्या आणि रिकाम्या जागेलाही वळसा घालून गेल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. त्या हसल्या, मागे आल्या, आणि सगळ्यांच्या देखत खोलीच्या मधोमधून सरळ चालत भिंतीपर्यंत गेल्या.